माध्यमसाक्षरता : संशय नव्हे, शहानिशा

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या क्षेत्राविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. माझे क्षेत्र अद्याप फारसे परिचित नाही. पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी तीन ठिकाणी माध्यमसाक्षरतेच्या कामात आंतरवासिता केली. आज तिला सर्रास इंटर्नशिप म्हणतात. पहिली आंतरवासिता बातम्यांची सत्यता पडताळणाऱ्या एका कक्षात, दुसरी ग्रामीण भागातील काही शाळांत आणि तिसरी एका शहरी वस्तीतील प्रौढांच्या वर्गात झाली. या काळात जे शिकायला मिळाले, ते केवळ पत्रकाराच्या उपयोगाचे नाही. ज्या घरात मोबाइल फोन आहे, अशा प्रत्येक घराच्या ते उपयोगाचे आहे. म्हणून ते येथे क्रमाने मांडत आहे.

माध्यमसाक्षरता म्हणजे काय?

अक्षरे ओळखणे ही साक्षरतेची पहिली पायरी होय. वाचलेल्याचा अर्थ लावणे ही दुसरी. जे वाचले, पाहिले किंवा ऐकले ते कोणी तयार केले, कोणत्या हेतूने केले, त्यात काय दाखवले आणि काय वगळले, हे विचारता येणे ही तिसरी पायरी. या तिसऱ्या पायरीला माध्यमसाक्षरता म्हणतात. स्वतः काही लिहिताना, चित्रित करताना किंवा दुसऱ्याला पाठवताना जबाबदारी ओळखणे, हाही तिचाच भाग आहे.

ही कल्पना मोबाइलच्या युगात जन्मलेली नाही. १९८२ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेत माध्यमशिक्षणाविषयीचे घोषणापत्र मान्य झाले, तेव्हा जगापुढे प्रश्न होता तो प्रामुख्याने दूरचित्रवाणीचा. फिनलंडने २०१६ पासून अमलात आणलेल्या शालेय अभ्यासक्रमात हा विचार स्वतंत्र विषय म्हणून न ठेवता सर्वच विषयांत गुंफला. आपल्या देशात केरळमधील कण्णूर जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्ये सुमारे १५० शासकीय शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. लसीकरणाविषयीच्या अफवांचा त्रास त्या जिल्ह्याने नुकताच सोसला होता.

एका अफवेची किंमत

महाराष्ट्रात हा विषय किती गंभीर आहे, हे सांगण्यास एकच उदाहरण पुरेसे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. भिक्षुकीवर गुजराण करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या परिसरात व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या होत्या. जमावाने या पाच जणांना टोळीतील माणसे समजून ठार मारले.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक आम्हाला पहिल्या आंतरवासितेत धडा म्हणून अभ्यासायला दिली होती. मोटारसायकलवरील दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसते. मूळ चित्रफीत पाकिस्तानातील कराची येथील बालसुरक्षा मोहिमेची जाहिरात होती. मूळ जाहिरातीत तेच दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि सावधगिरीचा संदेश लिहिलेला फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवटचा भाग कापला होता. जी फीत मुलांच्या रक्षणासाठी बनली, तीच निरपराध माणसांविषयी भय निर्माण करण्यास कारण झाली.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. दिशाभूल करणाऱ्या मजकुरात पूर्णपणे बनावट मजकूर असतोच असे नाही. पुष्कळदा छायाचित्र खरे असते. त्याचे गाव खोटे सांगितलेले असते. पूर खरा असतो. पण तो पाच वर्षांपूर्वीचा असतो. भाषण खरे असते. त्यातील पुढचे वाक्य गाळलेले असते. त्यामुळे ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ हे सांगणे पुरेसे ठरत नाही. डोळ्यांनी काय पाहिले, ते कोठले आणि केव्हाचे, हे विचारावे लागते.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यास मर्यादा घालण्याचे पाऊल उचलले. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे पाठवला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा नियम झाला. अशा संदेशावर दोन बाणांची खूण दिसते. ती खूण संदेश खोटा असल्याचे सांगत नाही. तो अनेक हातांतून आला आहे आणि पाठवणाऱ्याने तो स्वतः लिहिलेला नाही, एवढेच ती सांगते. मात्र तेवढी सूचना थांबण्यासाठी पुरेशी आहे.

पहिला धडा : मजकुरातून बाहेर पडा

पडताळणी कक्षात मी गेले तेव्हा माझी समजूत अशी होती की, अनुभवी माणसे संशयास्पद मजकूर फार बारकाईने वाचत असतील. प्रत्यक्षात ती माणसे तो मजकूर लवकर बाजूला ठेवत आणि इतरत्र शोध सुरू करीत. संकेतस्थळ कोणाचे आहे? हीच बातमी दुसऱ्या कोणी दिली आहे काय? छायाचित्र यापूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांच्या संशोधनातही हेच आढळले होते. त्यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक पडताळणीकार आणि २५ पदवीचे विद्यार्थी यांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता तपासण्यास सांगितले. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी यांच्यातील अनेक जण त्याच पानावर रेंगाळले. तेथील भारदस्त नाव आणि नेटकी मांडणी पाहून फसले. पडताळणीकारांनी ते पान सोडून इतर पाने उघडली आणि ते कमी वेळात योग्य निष्कर्षाला पोहोचले. या रीतीला आपण ‘बाजूचे वाचन’ म्हणू. खेड्यात सोयरीक ठरवताना आपण समोरच्या घराने सांगितलेल्या गोष्टींवर थांबत नाही. शेजारी, पाहुणे, गावातील जाणती माणसे यांच्याकडे चौकशी करतो. मजकुराची शहानिशा याच न्यायाने करावयाची असते.

यातून आम्ही शाळांसाठी चार प्रश्नांची एक पट्टी तयार केली :

१. हे मुळात कोणाचे आहे? ज्याने मला पाठवले तो नव्हे, ज्याने तयार केले तो कोण?
२. हे केव्हाचे आणि कोठले आहे?
३. हेच आणखी कोण सांगत आहे?
४. हे वाचून मी काय करावे, अशी पाठवणाऱ्याची इच्छा आहे?

चौथा प्रश्न मुलांना सर्वाधिक आवडतो. राग यावा, भीती वाटावी, घाईने पैसे भरावेत किंवा ताबडतोब दहा जणांना पाठवावे, यांपैकी एखादी गोष्ट मजकूर आपल्याकडून मागत असेल, तर आधी थांबावे. माइक कॉलफिल्ड या अमेरिकी शिक्षकाने मांडलेल्या चार पायऱ्यांच्या पद्धतीतही ‘थांबा’ हीच पहिली पायरी आहे.

दुसरा धडा : सगळेच खोटे नसते

दुसरी आंतरवासिता आठवी-नववीच्या वर्गांत झाली. आरंभी आम्ही खोट्या मजकुराचे नमुने एकामागून एक दाखवत असू. मुले उत्साहाने त्यातील खोट पकडत. एका वर्गात मागच्या बाकावरील मुलीने विचारले, “ताई, मग काहीच खरे नसते का?”

तिच्या प्रश्नाने आमच्या मार्गदर्शक शिक्षिकांनी पुढील सर्व पाठांची मांडणी बदलली. प्रत्येक पाठात खऱ्या आणि खोट्या बातम्या मिसळून ठेवण्यात आल्या आणि खरी बातमी खरी म्हणून ओळखणाऱ्यास तितकेच गुण देण्यात आले. केवळ खोटेच दाखवत राहिलो, तर मूल चिकित्सक होत नाही. ते सर्वांवर अविश्वास ठेवू लागते. ज्याचा कशावरच विश्वास नाही, तो आरोग्य सेविकेने सांगितलेली लसही नाकारतो आणि हवामान खात्याचा इशाराही. शेवटी त्याच्यापाशी एकच कसोटी उरते : मला जे आवडते ते खरे. अफवा पसरवणाऱ्याला याहून सोयीचा माणूस दुसरा नाही.

म्हणून माध्यमसाक्षरतेचे उद्दिष्ट संशय वाढवणे हे नाही. विश्वास योग्य ठिकाणी ठेवता येणे, हे आहे.

या संदर्भात एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे ठरेल. कशावरही विश्वास ठेवू नका, कोणीही सांगितले तरी, तुमच्या स्वतःच्या बुद्धीला पटले तरच माना, अशा आशयाचे एक वाक्य भगवान बुद्धांच्या प्रतिमेसह नेहमी फिरत असते. त्याचा आधार म्हणून कालाम सुत्ताकडे बोट दाखवले जाते. अंगुत्तर निकायातील ते सुत्त उघडून पाहिले, तर तेथील उपदेश वेगळा आणि अधिक अवघड आहे. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथातील वचन, गुरूविषयीचा आदर यांबरोबरच केवळ तर्क आणि स्वतःच्या मताशी जुळणे हेही तेथे पुरेसे प्रमाण मानलेले नाही. एखादी गोष्ट आचरली असता अहित होते की हित, सुज्ञ तिची निंदा करतात की प्रशंसा, हे स्वतः जाणून घेण्यास कालामांना सांगितले आहे. शहानिशा करण्याचा उपदेशच शहानिशा न करता पुढे पाठवला जातो, याहून बोलका पाठ मला वर्गासाठी दुसरा मिळाला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावे फिरणाऱ्या वाक्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. त्यांची भाषणे व लेखन महाराष्ट्र शासनाने खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केले आहे. वाक्य कोणत्या खंडात आहे, असे नम्रपणे विचारणे हा अनादर नव्हे. तो त्यांच्या विद्याव्यासंगाचा आदर आहे.

तिसरा धडा : पाठवणारा शत्रू नसतो

तिसऱ्या आंतरवासितेत विद्यार्थी होते बचत गटातील महिला, रिक्षाचालक, सफाई कामगार आणि निवृत्त आजी-आजोबा. येथे माझ्या लक्षात आले की, बहुतेक माणसे चुकीचा संदेश द्वेषाने पाठवत नाहीत, काळजीपोटी पाठवतात. साखरेच्या आजारावरचा रामबाण उपाय पाठवणाऱ्या आजींना नातवाची, सुनेची, शेजारणीची काळजी असते. गटात सर्वांसमोर “हे खोटे आहे” असे लिहिले की त्या दुखावतात आणि पुढच्या वेळी आपल्याला वगळून इतरांना पाठवतात.

एक सत्तरीतल्या आजी मला म्हणाल्या, “पोरी, मला वाचता येतं, पण खरं-खोटं कसं कळावं? माझ्या भाच्यानं पाठवलं, तो काय मला फसवील?” मी विचारले, “आजी, भाच्याला कोणी पाठवलं, ते विचारू या का?” त्यांनी तेथूनच फोन लावला. भाच्याला ते त्याच्या कारखान्यातील गटातून आले होते. त्या गटात कोठून आले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आजींनी फोन ठेवला आणि स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे भाच्यावर विश्वास ठेवायचा, पण त्याच्या फोनवर नाही.” एवढ्या मोजक्या शब्दांत हा विषय मला एखाद्या पाठ्यपुस्तकातही आढळलेला नाही.

वस्तीतील दुसरा अनुभव पैशाशी निगडित होता. शिष्यवृत्ती मंजूर झाली, भरतीच्या यादीत नाव आले, घरकुलाचा हप्ता जमा होणार आहे, असे संदेश नेमके अशा घरांत येतात जेथे या गोष्टींची वर्षानुवर्षे वाट पाहिली जाते. पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्या मुलाचे आईवडील अशा संदेशावर विश्वास ठेवतात, कारण तो त्यांच्या आशेच्या भाषेत लिहिलेला असतो. याकरिता काही साध्या गोष्टी प्रत्येक पालकाला ठाऊक असाव्यात. भारतातील शासकीय संकेतस्थळांचे पत्ते सामान्यतः ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असे असतात. हे शब्द पत्त्यात कोठेतरी असून भागत नाही. ‘डॉट इन’नंतर लगेच पहिली तिरपी रेघ आली आहे की पत्ता तेथेच संपला आहे, हे पाहावे. शिष्यवृत्ती देण्यासाठी कोणतेही कार्यालय फोनवरून ओटीपी मागत नाही. आप्ताच्या आवाजात पैशाची तातडीची मागणी आली, तर फोन बंद करून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा, कारण आता आवाजाचीही नक्कल करता येते. आणि फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता अधिक.

एका तासाने काय होते?

तिन्ही ठिकाणी एक प्रश्न मनात होता : या वर्गांचा खरोखर उपयोग होतो काय? याचे उत्तर बिहारमध्ये झालेल्या दोन अभ्यासांतून मिळते. सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात तेथील सुमारे १,२०० घरांत प्रयोग केला. त्यातील काही घरी जाऊन तासभर माध्यमसाक्षरतेचा पाठ देण्यात आला. एकंदरीत पाहता, खोटी माहिती ओळखण्याच्या क्षमतेत त्याने लक्षणीय फरक पडला नाही.

नंतर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमध्येच ५०० हून अधिक खेड्यांतील १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांसह दुसरा प्रयोग केला. या वेळी काही आठवडे चालणारे, शिक्षकांनी घेतलेले वर्ग होते आणि विषय होता आरोग्यविषयक माहितीचा. या विद्यार्थ्यांची खरे-खोटे पारखण्याची क्षमता स्पष्टपणे वाढली. चार महिन्यांनंतरही ती टिकून होती आणि जे शिकवलेही नव्हते त्या राजकीय अफवांबाबतही ती दिसून आली. सर्वांत आशादायक बाब अशी की, या मुलांच्या पालकांचीही पारख सुधारली. घरी शिक्षक गेला नव्हता. मूल गेले होते.

निवासी शाळेच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. आपली मुले वेगवेगळ्या गावांतून येतात आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत त्या गावांत परततात. एका वर्गात रुजलेली सवय अशा रीतीने अनेक गावांत पोहोचू शकते.

जे छापलेच जात नाही

खोटे ओळखणे हा माध्यमसाक्षरतेचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे जे कधी छापलेच गेले नाही, ते ओळखणे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’. आणि १९५६ मध्ये ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. तत्कालीन वृत्तपत्रांत ज्यांच्या दुःखाला जागा नव्हती, त्यांना स्वतःचे वृत्तपत्र काढावे लागले. ही नावे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. माध्यमांचे विद्यार्थी म्हणून ती पुन्हा वाचली पाहिजेत.

शंभर वर्षांनंतरची स्थिती काय आहे? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या अहवालात वृत्तपत्रे, वाहिन्या, नियतकालिके व संकेतस्थळे यांतील नेतृत्वाची १२१ पदे तपासली गेली. त्यांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती व जमातींतील एकही व्यक्ती नव्हती. म्हणून शाळांतील शेवटच्या पाठात आम्ही मुलांना एक दिवसाचे वृत्तपत्र देऊन विचारत असू : यात तुमच्या गावाविषयी काय आहे? ऊसतोड कामगारांविषयी? मुलींच्या वसतिगृहाविषयी? मुले पाने उलटत आणि बहुधा शांत होत. त्यानंतर त्यांना स्वतःच्या गावाची एक बातमी लिहायला सांगितले जाई : नाव, दिनांक, ठिकाण, किमान दोघांचे म्हणणे आणि ज्याच्यावर आक्षेप आहे त्याचीही बाजू. पाण्याची टाकी, बंद पडलेली एसटी, अंगणवाडीचे छप्पर यांवर मुलांनी लिहिले. जो स्वतः एकदा नीट बातमी लिहितो, त्याला निराधार बातमी लगेच ओळखू येते.

आपल्या शाळेत काय करता येईल?

यासाठी मोठा खर्च किंवा संगणक कक्ष लागत नाही. आठवड्यातून एक तासिका पुरेशी आहे, मात्र ती वर्षभर असावी. ग्रंथालयात एकाच दिवसाची दोन-तीन वृत्तपत्रे शेजारी ठेवून एकाच बातमीची तुलना करता येईल. परिपाठात ‘आजची शहानिशा’ म्हणून मुलांनी एक दावा आणि त्याचा शोध मांडावा. त्यात खरे ठरलेले दावेही असावेत. सुटीवर जाताना प्रत्येक मुलाने चार प्रश्नांची पट्टी घरी न्यावी. पालक सभेत १९३० हा क्रमांक फळ्यावर लिहावा. पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या गटांनी एक साधा नियम स्वीकारावा : मूळ ठिकाण ठाऊक नसेल, तर पुढे पाठवायचे नाही, आणि एखाद्याकडून चुकून गेले, तर त्याला खाजगीत, आदराने कळवायचे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज शिक्षक, परिचारिका, बँक कर्मचारी, पोलीस, वकील आहेत. आपापल्या विषयातील अफवा त्यांना इतरांपेक्षा लवकर ओळखता येतात. त्यांनी वर्षातून एक तास शाळेला दिला, तरी मुलांपुढे बाजूच्या वाचनाची जिवंत साधने उभी राहतील. आपल्या आधीच्या पिढीने लिहिण्या-वाचण्याचा हक्क मोठ्या कष्टाने मिळवला. वाचलेले पारखून घेणे आणि पारखलेलेच पुढे देणे, ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे. येत्या शैक्षणिक वर्षात या तासिकेचा आरंभ झाला, तर पहिला पाठ घेण्यास मी आनंदाने येईन.